माझ्या शेडातली बुरशी

माझं नाव गिरिजाबाई. तोंडाची फटकळ म्हणून भोकरदनपासून आमच्या शिवारापर्यंत सगळे मला ओळखतात, अन् ते खोटं न्हाई. पण फटकळ माणूस खोटं बोलत नसतो असं जे लोकांना वाटतं, ते बिलकुल खरं न्हाई. मी बोलले. त्याचंच सांगून राह्यले.

आमचं वीस गुंठ्यांचं शेडनेट, म्हणजे जाळीचं शेड हाय, शेतातल्या घराच्या मागंच. आत मिरची, पण खायची न्हाई, बियाण्याची. कंपनी रोपं देती, आम्ही बी करून देतो. लोकांना वाटतं मिरची आपोआप लागती. तसं न्हाई बाबा. मादीच्या ओळीतली एकेक कळी दुपारी चिमट्यानं उघडायची, तिच्यातला नर काढून टाकायचा, लाल दोरा बांधून खूण करायची, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचा पराग तिला बोटानं लावायचा. याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. असं दीड महिना, रोज. रविवार न्हाई, सण न्हाई, कारण फुलाला सुट्टी कळत न्हाई. अकरा बाया लागतात. दिवसभर झाडात तोंड घालून, पानाला नाक टेकवून काम. आता तुम्हीच सांगा, त्या पानावर जहर मारलेलं असंल तर ते कुठं जाईल?

मागच्या साली गेलंच. पांढरी माशी वाढली होती, म्हणून मी संध्याकाळी जहाल औषध मारलं. बाटलीवर लिहिलंय, दोन दिवस आत जायचं न्हाई. दोन दिवस थांबले असते तर तेवढ्या साऱ्या कळ्या वाया. सकाळी बाया आल्या, म्हणल्या, मावशी, वास येऊन राह्यला. मी म्हणले, टॉनिक मारलंय, चला, जल्दी करा. अकराच्या सुमाराला माझी सून शीतल दुसऱ्या ओळीत मटकन खाली बसली अन् तशीच आडवी झाली. तोंडातून लाळ, डोळ्याच्या बाहुल्या बारीक. माझा लेक पप्पू जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला, तो तिकडून धावत दवाखान्यात आला. चार दिवस तिथं काढले. गावात मी सांगितलं, पोरगी उपाशी होती, चक्कर आली. बायांनी मानलं.

शीतल घरी आली, घरातलं सारं करती, माझ्याशी नीट बोलती, पण शेडात तिनं त्यानंतर पाय ठेवला न्हाई. अन् तिच्याएवढा हलका हात साऱ्या टोळीत कुणाचा न्हाई.

या साली बाया जमवायला गेले तव्हा रुखसार मला दारातच म्हणाली, "मावशी, पोरगं अंगावर पितंय माझं. औषधाचं शेड असंल तर मी येत न्हाई." रुखसार टोळी चालवती. ती न्हाई तर कुणीच न्हाई. मी लगेच म्हणले, "या साली माझ्या शेडात जहराचा थेंब पडणार न्हाई. माझा शब्द हाय." ती म्हणाली, "बराबर. तुमचा शब्द हाय मंग काय." शब्द देऊन घरी आले अन् मला घाम फुटला. शब्द मी दिला होता, माशीनं थोडाच दिला होता?

नवरात्राच्या आधी दोन आठवडे माशी आली. झाडाला हात लावला की पिठाची चिमूट उडवल्यासारखी उडायची. कंपनीचा सुपरवायझर हरिओम दर मंगळवारी येतो. तरणा पोरगा हाय, वाईट न्हाई, पण त्याच्या हातात कागद असतो अन् कागदापुढं तो कुणाचा नसतो. शेडात पिवळे चिकट कार्ड टांगलेले असतात, त्यावर माश्या चिकटतात, तो त्या मोजतो. मोजून म्हणाला, "काकू, ही माशी कोकडा पसरवते. एकदा पानं वाकडी झाली की बी पण रोगट. मला प्लॉट बाद करावा लागेल."

"औषध मारणार न्हाई मी," मी म्हणले. "बुरशी मारते."

"मारा. पण माशी उतरली पाहिजे."

बुरशीचं मला मच्छिंद्र मास्तरांच्या पोरीनं सांगितलं होतं. प्रियदर्शनी तिचं नाव. शेतीचं शिकली अन् नोकरीला न जाता भोकरदनला दोन खोल्यांत बुरशी तयार करून इकती. नाव असं हाय की बोलायला गेलं तर जिभेला गाठ बसती, म्हणून आम्ही नुसतं बुरशी म्हणतो. पांढरी भुकटी असती. ती म्हणाली, "काकू, हे मेलेलं औषध न्हाई, जिवंत हाय. माशीच्या अंगावर पडलं की ओलीत रुजतं, आत शिरतं अन् माशीला आतून खातं. चार-पाच दिवसांनी मेलेल्या माशीला पांढरी लव येती. माणसाच्या अंगावर तिचं काय चालत न्हाई. तरी फवारताना तोंडाला फडकं बांधा." मंग तिनं सांगितलं, आदल्या संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मारा, शेडात ओल ठेवा, पंप नवा घ्या, भांडं स्वच्छ घ्या, अन् बुरशीनाशक जवळपास बी आणू नका.

मी काय वेंधळी बाई न्हाई. सारं बराबर केलं. पंप नवा घेतला. ज्या ओळींतल्या कळ्या दुपारी उघडल्या त्यांच्यावर पाणी पडलं तर कळी सडती, म्हणून अर्ध्या ओळी एका संध्याकाळी, अर्ध्या दुसऱ्या, असं ठरवलं. राह्यलं भांडं. घरातली एक बादली धड नव्हती. कधी ना कधी प्रत्येकीत औषध कालवलेलं. नाक लावलं की वास. आता जिवंत वस्तू म्हणली पोरगी, तिला असल्या बादलीत ठेवायचं का? मंग मी माळ्यावरून माझं घंगाळ काढलं. माहेरहून आलेलं, लग्नातलं, तांब्याचं. तीस वर्षांत त्यात आंघोळीच्या पाण्याशिवाय काय पडलं न्हाई. चिंच लावून घासलं, असं की त्यात तोंड दिसावं. त्यात पाणी, गूळ, भुकटी. वरून धुतलेलं पांढरं फडकं बांधलं. माझे मालक साहेबराव ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "पाळण्यात घालती का आता तिला?" मी म्हणले, "तुम्ही तुमच्या म्हशी बघा."

दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर पाण्याच्या कडेला हिरवट वळ आल्ता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! बुरशी हिरवीच असती ना, शिळ्या भाकरीवर येती ती? म्हणले, वा, चांगली वाढली.

दोन संध्याकाळी मारलं. मधे एक दिवस थांबून पुन्हा दोन संध्याकाळी मारलं. रोज सकाळी पानं उलटी करून बघायची. एका बी माशीला लव न्हाई. उलटी माशी जास्तच झाली. बाया काम करता करता एकमेकींकडं बघायच्या अन् मी आले की गप व्हायच्या. मला ते बघणं कळत होतं. माशी वाढली की गिरिजाबाई काय करती, ते त्यांना ठावं नव्हतं. मला ठावं होतं.

पुढच्या मंगळवारी हरिओमनं कार्ड मोजलं अन् मोजणं अर्ध्यात सोडून दिलं. पिशवीतून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. "काकू, पुढच्या मंगळवारपर्यंत थांबतो. तोपर्यंत उतरली नाही तर हे मारावं लागेल, नाहीतर मी रिपोर्ट पाठवतो. माझाही नाइलाज आहे."

बाटली औषधाच्या खोलीत ठेवली, खोलीला कुलूप लावलं, अन् तशीच पहिली जीप धरून भोकरदनला गेले. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या माझ्या. प्रियदर्शनीच्या दुकानात चार-पाच शेतकरी उभे. मी दारातूनच तोंडाचा पट्टा सुरू केला. "काय गं, पांढरी माती इकती का तू? लोकांच्या जिवावर दुकान मांडलंय! बापानं शाळेत हेच शिकवलं का?" आणखी बी बोलले, ते आता सांगण्यासारखं न्हाई. एका माणसानं घेतलेली तीन पाकिटं टेबलावर परत ठेवली अन् निघून गेला. पोरीचे डोळे भरले. पण ती रडली न्हाई, ओरडली बी न्हाई. म्हणाली, "काकू, आज संध्याकाळचं भिजवलेलं हाय का?"

"हाय. काल घातलंय."

"ते फेकू नका. मी येते."

चार वाजता ती स्कूटीवर आली, संगं प्लॅस्टिकच्या डब्यात तिचं स्वतःचं भिजवलेलं पाणी. म्हणाली, "जसं करता तसं दाखवा. काय बी सोडू नका." मी तोऱ्यात घंगाळ ओढून पुढं आणलं. वाटलं, बघू दे किती निगुतीनं केलंय ते.

तिनं कपाळाला हात लावला.

"काकू, मोसंबीच्या खोडाला मोरचूद कशाला लावतात?"

"बुरशी लागू नये म्हणून. हे काय शेंबड्या पोराला बी माहीत हाय."

"अन् मोरचूद कशाचं असतं?"

"ते मला काय माहीत?"

"तांब्याचं."

मी म्हणले, "अगं, तांब्याचं पाणी देवाला चालतं, माणसाला चालतं. डॉक्टर लोक प्या म्हणतात."

"माणसाला चालतं, बुरशीला न्हाई चालत. अन् नुसतं पाणी असतं तर एवढं झालं नसतं. गुळाचं पाणी आंबतं. चिंचेनं घंगाळ कशानं निघतं? आंबट तांब्याला खातं म्हणून. तसंच हे पाणी रात्रभर तांबं खात बसतं. हा हिरवा वळ त्याचाच."

ऐकून घ्यायला पाहिजे होतं. मी काय ऐकती? मला पटलं होतं, खरं सांगते, तिथंच पटलं होतं. पण चार माणसांत तिला माती इकती म्हणून आल्ते, आता मान खाली कशी घालायची? म्हणले, "शाळेतलं नको सांगू. दाखव."

तिनं थोडा भात मागितला. शीतलनं शिजवून दिला. दोन स्टीलच्या डब्यांत भात घातला, एकात माझ्या घंगाळातलं पाणी शिंपडलं, दुसऱ्यात तिच्या डब्यातलं. झाकणं ठेवून दोन्ही फळीवर ठेवले. म्हणाली, "तीन दिवसांनी उघडू. पण काकू, तोवर थांबू नका, माझं पाणी आजच मारा." मी म्हणले, "भात बघितल्याशिवाय एक थेंब मारणार न्हाई." अशा रीतीनं माझ्या ताठ्यापायी आणखी तीन दिवस गेले. माशी काय तीन दिवस उपाशी बसली नव्हती.

शुक्रवारी ती आली, अन् येताना पुन्हा नवं भिजवून घेऊनच आली. बायांना मीच बोलावलं; त्यांच्यासमोरच होऊ दे म्हणले. तिचा डबा उघडला तर भातावर कापसासारखी पांढरीशुभ्र लव. माझा उघडला तर भात जसाच्या तसा, नुसता आंबूस वास. सोनूबाई म्हणून आमच्या टोळीतली सगळ्यात जुनी बाई हाय, ती हसायला लागली. "गिरिजे, घंगाळात घालून मारलीस की गं!" मंग साऱ्याच हसल्या, रुखसार तर डोळे पुसायला लागली. मला बी हसू आलं, पण आतून लाज वाटत होती. पोरीला दुखवलं, आठ दिवस वाया घालवले, अन् कशापायी, तर स्वच्छतेपायी. प्रियदर्शनीला मी तव्हा नुसतं "भर पंप" एवढंच म्हणले. माफी मागायला तोंड उघडलंच न्हाई.

शुक्रवारी अन् शनिवारी संध्याकाळी मारलं. जमिनीवर पाणी शिंपून ओल धरली, बाजूच्या जाळ्या लावून घेतल्या. रविवार गेला, सोमवार गेला. पानावर फरक न्हाई.

मंगळवारी अकरा वाजता हरिओम आला. कार्डावर माशी तेवढीच. मी त्याला घंगाळाचं सांगितलं, शुक्रवारी खरं मारलंय म्हणले, दोन-तीन दिवस दे. तो म्हणाला, "काकू, मी पंधरा दिवस दिले. आज संध्याकाळी औषध मारा. उद्या सकाळी येतो. नाही मारलं तर उद्याच रिपोर्ट." अन् जाताना हळूच म्हणाला, "बायांना दोन दिवस सुट्टी द्या म्हणजे झालं."

सुट्टी! कळ्या भरात होत्या. दोन दिवस सुट्टी म्हणजे साऱ्या हंगामाच्या बियाण्याचं माप खाली. अन् सुट्टी कशाची म्हणून सांगणार? औषधाची? मंग दोन दिवसांनी येतंय कोण?

साडेचारला बाया गेल्या. मी औषधाच्या खोलीतून बाटली आणली. अन् तिथं शेडाच्या दारात पंपापाशी उभी राहून माझ्या डोक्यात जे आलं, ते मी कुणाला सांगितलं नसतं, पण सांगायलाच बसले तर सांगते. मला वाटलं, कुणाला कळणार हाय? मागच्या साली टॉनिक म्हणावं लागलं. या साली तर सोपं हाय. फवारणी रोजचीच, पंप तोच, फडकं तेच. बुरशी मारली म्हणायचं. वास आला तर गूळ आंबलाय म्हणायचं. बुरशीच्या नावावर सारं खपून जाईल. बूच फिरवलं. मागच्या सालचाच वास आला.

"मावशी!"

रुखसार. तिचा डबा शेडात राह्यल्ता. मी बाटली पदराखाली घेतली. ती डबा घेऊन बाहेर आली, पंपाकडं बघितलं. "आज बी बुरशीच का?"

"हो," मी म्हणले. झटकन. किती सहज आलं ते तोंडातून!

"बराबर. मंग मी उद्या लवकर येते. पोरगं बी आणते, सासूला बरं न्हाई. दारात झोळी बांधली तर चालंल ना?"

अन् ती चालायला लागली. वीस-पंचवीस पावलं गेली असंल. मी तिच्या पाठीकडं बघत होते. उद्या ते आठ महिन्यांचं लेकरू इथं दारात झोळीत झोपणार, अन् त्याची माय दिवसभर पानात तोंड घालून मंग त्याला पाजणार. एवढी भीती मला शीतल पडली तव्हा बी वाटली नव्हती, कारण तव्हा माझ्या हातून होऊन गेलं होतं. आता व्हायचं होतं.

"रुखसार!" मी हाक मारली. "थांब. ही बुरशी न्हाई."

ती मागं आली. मी पदराखालची बाटली काढून तिच्यासमोर जमिनीवर ठेवली. ती खाली बसली. बाटलीकडं बघत बसली. मंग तिनं एकच इचारलं, "मागच्या साली पण?"

"मागच्या साली पण. टॉनिक नव्हतं ते."

रुखसार उठली अन् रस्त्याकडं गेली. बाकीच्या बाया रिक्षाची वाट बघत होत्या. तिनं साऱ्यांना परत आणलं. म्हणाली, "मावशी, मला सांगितलं ते यांना सांगा." मी सांगितलं. जसं घडलं तसं. औषध कधी मारलं, बाटलीवर काय लिहिलं होतं, सकाळी काय म्हणले, अन् आत्ता काय करायला निघाल्ते. माझ्यासारखी बाई, जिला बोलताना कधी थांबायला लागत न्हाई, तिला चार वाक्यांना चारदा थांबावं लागलं.

शुक्रवारी हसलेली सोनूबाई आता हसली न्हाई. म्हणाली, "गिरिजा, तू आम्हाला माणसात धरलंच न्हाई." तिनं पिशवी उचलली, तिच्या जावेनं बी उचलली, अन् दोघी गेल्या. मी अडवलं न्हाई. कोणत्या तोंडानं अडवू?

नऊ जणी उभ्या राह्यल्या. रुखसारच म्हणाली, "आता आलोच हाय तर बघू तरी, ती बुरशी लागली का न्हाई. मावशी वरची पानं बघतात. माशी खाली असती." बाया शेडात शिरल्या, आपापल्या ओळीत वाकल्या, खालची, जमिनीलगतची पानं उलटी करायला लागल्या. कळीतला मोहरीएवढा नर चिमट्यानं काढणारे डोळे ते, त्यांच्यापुढं माझे काय? पाच मिनिटं झाली न्हाईत तोच कोपऱ्यातून आवाज आला, "हितं हाय!" मंग दुसरीकडून. मंग रुखसारनं एक पान तोडून माझ्या हातावर ठेवलं. पानाच्या पाठीवर सात-आठ माश्या, जागच्या जागी बसलेल्या, मेलेल्या, अन् प्रत्येकीच्या अंगावर पांढरी लव.

मी मोठ्यानं रडले. लाज न्हाई वाटली. रुखसारनं पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "तुमची बुरशी खरी निघाली, मावशी."

तव्हा जाळीच्या दारात कुणीतरी उभं हाय असं वाटलं. शीतल होती. आवाज ऐकून घरातून आल्ती, अन् किती वेळ उभी होती कोण जाणे. आत आली न्हाई. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून म्हणाली, "आत्या, बायांना सांगितलं ते ऐकलं मी. डॉक्टरला का न्हाई सांगितलं?"

मी पदरानं डोळे पुसले.

"डॉक्टर तुम्हाला तीनदा इचारत होते. कोणतं औषध मारलं, नाव सांगा, त्याच्यावरून सलाईन लावायचंय. तुम्ही म्हणल्या, काय मारलं न्हाई, उपाशी होती."

मला वाटलं होतं ती शुद्धीत नव्हती. साल झालं, रोज तिच्या हातची भाकरी खाल्ली मी, अन् वाटत होतं की ते कुणालाच ठावं न्हाई.

"डोळे उघडत नव्हते माझे," शीतल म्हणाली. "ऐकू येत होतं."

"तू बोलली का न्हाई गं एवढे दिवस?"

"तुम्ही बोलता का ते बघत होते."

तिनं हात पुढं केला. म्हणाली, "औषधाच्या खोलीची किल्ली द्या." मी दारात आले अन् कमरेची किल्ली सोडायला लागले. गाठ सुटंना, तर तिनंच सोडवून घेतली. दाराबाहेर पंपापाशी राह्यलेली बाटली उचलली, बूच घट्ट केलं, अन् म्हणाली, "उद्या हरिओमभाऊला मी बोलते. अन् यापुढं शेडात काय मारायचं ते मला इचारून."

सकाळी हरिओम आला तर शीतल दारातच उभी होती. बाटली त्याच्या हातात परत दिली, अन् पानांनी भरलेला डबा समोर धरला. तो एकेक पान उजेडाला धरून बघत राह्यला. शनिवारपर्यंत थांबतो म्हणाला. शनिवारी कार्डावर निम्मी माशी होती, पुढच्या मंगळवारी त्याहून कमी. तीन ओळींतली झाडं कोकड्यानं गेली, ती उपटून जाळली. बाकीचा प्लॉट पास झाला. सोनूबाई अन् तिची जाऊ मात्र आल्या न्हाईत. दोनदा घरी जाऊन आले मी त्यांच्या. चहा देतात, हो म्हणत न्हाईत. भोकरदनला बी गेले, दुकानात माणसं असताना गेले, अन् चूक माझी होती असं साऱ्यांसमोर बोलले. प्रियदर्शनी म्हणाली, काकू, आता पाकिटावर छापलंय मी, तांब्याचं भांडं वापरू नका म्हणून.

शीतल आता रोज शेडात येती. माझ्याशी पहिल्यासारखं बोलत न्हाई, कामापुरतं बोलती, अन् ते मला पहिल्या बोलण्यापेक्षा खरं वाटतं. फवारणीचा दिवस ती ठरवती, अन् पंप मी धुते.